कसालची कोंबडी

मला कोंबडी आवडत नाही, असं मी पाहुण्यांसमोर म्हणते. खरं म्हणजे मला कोंबडीची किळस येते. गाईचं शेण मी हाताने उचलते, त्याने घरापुढचं खळं सारवते, त्याचं काही वाटत नाही. मासे तर जन्मभर साफ करत आले. माशाची घाण ही घाण नव्हे, लिंबू चोळलं की जाते. पण कोंबडीची शीट कुठेही असते. पायरीवर, वाळत घातलेल्या कोकमाच्या सोलांच्या कडेला, चपलेत. अनवाणी चालताना ती बोटांच्या बेचक्यात शिरली की माझं त्या दिवसाचं जेवण गेलंच म्हणून समजा. शिवाय हा पक्षी खातो काय? गोम खातो, गटारातल्या अळ्या खातो, कोणी थुंकलेलं खातो. कापलेल्या कोंबडीचं आतडं दुसरी कोंबडी चोचीत धरून पळताना मी पाहिली आहे. असल्या पोटातून आलेलं अंडं लोक मिटक्या मारत कसं खातात, हे मला कधी कळलं नाही.

म्हणून लग्नानंतर तीस वर्षं आमच्या घरात कोंबडी नव्हती. आमच्या तोंडवली गावात हे जरा विचित्रच. वाडीतल्या बायका मला हसायच्या. आमचे हे सुद्धा थट्टा करायचे, "हिच्या खळ्यात कोंबी येवची असात तर आधी पाय धुवन येवक व्हयी."

यांचा सगळा जन्म होडीवर गेला. गेल्या हिवाळ्यात पोटाचं ऑपरेशन झालं आणि माणूस खाटेवर आला. घरी आणल्यावर कळलं की यांना माशाचा वास सहन होत नाही. समुद्रावर जगलेला माणूस, आणि सुरमईची तुकडी समोर ठेवली तर तोंड भिंतीकडे. डाळ नको, भाजी नको, पेजेचे दोन चमचे कसेबसे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, वजन वाढल्याशिवाय पुढची औषधं सुरू करता येणार नाहीत, शरीर झेपणार नाही. आणि ती औषधं सुरू झाली नाहीत तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

एके दिवशी हे आपणहून म्हणाले, "गावठी अंडा मेळला तर खावन बघीन."

त्या वाक्याने मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मी ज्या घरगुती हॉटेलात सकाळी स्वयंपाकाला जाते, तिथे पांढऱ्या अंड्यांचे ट्रेच्या ट्रे असतात. त्यातलं एक उकडून आणलं. यांनी हुंगलं आणि बाजूला सारलं. गावठी म्हणजे गावठीच. वाडीत मागून मागून किती मागणार? हंगामात गावठी अंडी आधीच पर्यटकांसाठी बोललेली असतात. मग मी फोन केला तो कसालला दिलेल्या नणंदेला.

नणंद शिमगा आटोपल्यावर एसटीने आली. हातात कापडी पिशवी आणि पिशवीतून बाहेर आलेलं कोंबडीचं डोकं. तांबूस रंग, डोळा पिवळा, चोच अर्धवट उघडी.

"घे गो वयनी, तलंग आसा. आठ दिसांत अंड्यार येतली."

तलंग म्हणजे अजून अंडी घालायला न लागलेली, वयात आलेली कोंबडी. मी पिशवी दोन बोटांनी धरली. पिशवीच्या तळाशी जे काही होतं ते ओलं होतं आणि गरम होतं.

नणंदेने जाण्याआधी आणखी एक काम केलं. आमच्याकडे आजारी माणसाच्या खाटेखाली त्याचंच वापरलेलं जाळं घडी करून ठेवतात. बाहेरचं जे काही माणसाच्या वाटेला येईल ते जाळ्यात अडकतं, माणसापर्यंत पोचत नाही, अशी समजूत. तिने माळ्यावरून यांचं जुनं जाळं काढलं, पडवीत यांच्या खाटेखाली नेऊन भिंतीला लावून ठेवलं आणि मला बजावलं, "तो उठान चलाक लागापर्यंत ह्या हलवूचा नाय हां."

मी असल्या गोष्टी मानत नाही. पण नवरा खाटेवर असताना न मानण्याची छाती कोणाला असते? मी रोज पडवी फिनेलने पुसायचे आणि जाळ्याला वळसा घालून पुसायचे.

कोंबडीला तीन दिवस पायाला दोरी बांधून खुराड्यापाशी ठेवलं. घर ओळखू लागली तशी सोडली. आठ दिवस झाले, पंधरा झाले, खुराड्यात अंडं नाही. रोज सकाळी मी श्वास रोखून त्या खुराड्यात हात घालायचे आणि जे हाताला लागायचं ते अंडं नसायचं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास!

मी मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. टोपी घातलेला एक माणूस भराभर बोलत होता. जागा बदलली की कोंबडी बावरते, कॅल्शियम कमी पडलं की अंडी थांबतात, अंगावर पिसवा असल्या तरी थांबतात. मी शिंपल्या कुटून घातल्या. मग पिसवा बघायला म्हणून तिला मांडीत घेतली, तोंड फिरवून, आणि पंखाखालची पिसं फुंकर मारून उलगडली. आतल्या गुलाबी कातडीवर तीळ सांडल्यासारखं काहीतरी होतं, आणि ते तीळ पळायला लागले. काही माझ्या मनगटावर आले. मी कोंबडी फेकली, विहिरीवर पळाले आणि कोपरापर्यंत साबण लावून तीन वेळा हात धुतले. तरी दिवसभर केसांत काहीतरी चालतंय असं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी चुलीतली राख तिच्या अंगभर चोळली. खुराडंही राखेने भरलं.

अंडं नाहीच.

कोंबडी मात्र फुगत चालली होती. मी तिला मूठभर कण्या घालत होते, त्याहून जास्त नाही. शेजारच्या काकींनी सत्तर वर्षं कोंबड्यांत काढली आहेत. त्या कुंपणापाशी उभ्या राहून म्हणाल्या, "हिका चारता कोण गो? चरबी इली काय कोंबी अंडी घालणा नाय."

"कोण चारतला? माजो घोव सुकता आणि कोंबी माजता," मी म्हणाले आणि माझंच वाक्य मला टोचलं. कारण खरं होतं. हल्ली मी दुपारी कामावरून आले की पेजेची वाटी रिकामी असायची, चाटून पुसून. मी देवापुढे हात जोडायचे. पण वजनकाट्यावर काटा उलटाच जात होता. खाल्लेलं अंगी लागत नाही म्हणजे आत काय चाललं असेल?

आणि त्याच सुमाराला वास सुरू झाला.

हे लिहायला मला लाज वाटते, पण लिहिते. पडवीत शिरलं की वास यायचा. आधी नुसती शंका, मग ओळख, मग असा की दारातच पाऊल थांबावं. गोडसर, कुजका, नाकातून घशात उतरून तिथेच बसणारा. मी चादरी उकळल्या, गादी उन्हात टाकली, कापूर जाळला. यांना दोनदा आंघोळ घालू लागले. वास हलला नाही. माशा येऊ लागल्या, त्याही खाटेभोवतीच घोंगावायच्या. यांच्या पाठीवर, पायावर लाल पुरळ उठलं, खाजवून खाजवून रक्त येई. मी यांना घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी टाक्यांची जागा दाबून पाहिली, जखम कोरडी आहे म्हणाले. माझा विश्वास बसला नाही. जखम वरून कोरडी असेल, आतलं कोणी पाहिलंय?

माझ्या मनाने ठरवून टाकलं की हा वास यांचा आहे. आतून कुजणाऱ्या माणसाचा. आणि मला यांची किळस येऊ लागली. तीस वर्षांच्या नवऱ्याची, मरणाच्या दारात असलेल्या माणसाची किळस. पाठ पुसताना मी मान वळवायचे. वाटी देताना पदर नाकाला लावायचे आणि वर म्हणायचे की मला सर्दी झाली आहे. खोकल्याचं निमित्त सांगून माझं अंथरूण माजघरात नेलं आणि मधलं दार लावून घ्यायला लागले. यांनी फक्त बोलणंच कमी केलं. दिवसेंदिवस भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे.

हा सगळा राग मी कोंबडीवर काढला. एकदा तर खराटा फेकून मारला.

शेवटी काकीच कुंपण ओलांडून आल्या. "घेवन ये तिका, बघूया एकदा." कोंबडी बगलेत धरली, शेपूट वर केली आणि तर्जनीला थुंकी लावून बोट आत घातलं. मी डोळे मिटले. काकी शांतपणे, मोदकात सारण नीट बसलंय का बघावं तशा चाचपत होत्या.

"आसा गो! चांगला टणक झाला हा. उद्या सकाळी घालतली. हात लाव, बघ."

"मी? नाय गो बाय!"

"मगे कसा कळतला तुका? बायलमाणूस मां तू?"

मी बोट घातलं. ते लिहिणार नाही. गरम होतं, ओलं होतं, धडधडत होतं, आणि आत बोटाच्या टोकाला गुळगुळीत, टणक असं काहीतरी लागलं. बोट बाहेर काढून मी न्हाणीत गेले आणि सकाळची आंबोळी ओकले. पण ओकतानासुद्धा डोक्यात एकच होतं, अंडं आहे. म्हणजे ही घालते आहे, महिनाभर घालत असणार. मग जातात कुठे?

काकी म्हणाल्या, "भायर खंय तरी घालता. उद्या तिच्या पाठसून जा."

दुसऱ्या दिवशी मी कामावर सुट्टी सांगितली. यांना मात्र काही सांगितलं नाही. रोजच्यासारखी पेजेची वाटी खाटेशेजारी ठेवली, पडवीचं मागचं दार ओढून घेतलं, आठ वाजता निघाले आणि वळसा घालून परत येऊन मागच्या माडाआड उभी राहिले. कोंबडी खुराड्यातून बाहेर पडली. आधी मोरीच्या तोंडाशी गेली आणि काळ्या चिखलातून काहीतरी लांबलचक ओढून गिळलं. मग शेणाच्या खड्ड्यावर चढली. मग काकी जिथे चूळ भरतात त्या केळीखाली. मी नाकाला पदर लावून प्रत्येक ठिकाणी मागे, वाकून, बोटाने पाला सारून अंडी शोधत. पायाला काय काय लागलं ते विचारू नका.

साडेनऊच्या सुमाराला तिने अंग झाडलं आणि सरळ आमच्या घराकडे चालू लागली. मागची पायरी चढली. मी ओढून घेतलेलं दार वीतभर उघडं होतं.

आतून यांचा आवाज आला. किती दिवसांनी असा मोकळा आवाज ऐकत होते!

"इलंस? ये गो, ये."

मी फटीतून पाहिलं. हे खाटेच्या कडेला बसले होते. मांडीवर वाटी. चमच्याने माझी पेज जमिनीवर एका वर्तमानपत्राच्या तुकड्यावर ओतत होते आणि ती टिपत होती. हे तिच्याशी बोलत होते, आज वारो नाय, आज होड्ये लवकर येतले, असलंच काहीबाही. वाटी संपली तशी ती ऐटीत खाटेखाली गेली.

मी दार ढकलून आत शिरले. वासाची भिंत आली, पण रागापुढे वास कसला! "ही पेज मी कोंबयेसाठी शिजवतंय? तुमचा वजन वाढूचा म्हणून मी देवाक पाण्यात घालून बसलंय, आणि तुमी माज्याच घरात कोंबी घेवन..."

हे चोर पकडल्यासारखे दचकले. मग हळूच म्हणाले, "तिका हाकलू नको. हयसर येवन नाक धरणा नाय अशी तीच एक आसा."

माझा पदर तेव्हाही नाकावरच होता.

खाटेखालून खसखस आवाज येत होता. मी गुडघ्यावर बसले, वाकले. कोंबडी जाळ्याच्या घडीत, मधोमध, अंग पसरून बसली होती आणि माझ्याकडे बघून गुरगुरत होती. जाळं हलवायचं नाही, हे त्या क्षणी मला आठवलं नाही असं नाही. आठवलं आणि मी ते दोन्ही हातांनी धरून बाहेर ओढलं.

कोंबडी किंचाळत उडाली. जाळं उलगडलं. आणि जे बाहेर आलं ते आजही जेवताना आठवलं तर मी ताट सारते. दहा-बारा अंडी. काही धड, काही तडकलेली, तीन फुटून जाळ्याच्या धाग्यांत मुरलेली. काळपट हिरवा रस, त्यात अर्धवट धरलेल्या पिल्लाची ओली पिसं, आणि त्या सगळ्यावर भात उतू गेल्यासारख्या वळवळणाऱ्या पांढऱ्या अळ्या. ओढण्याच्या धक्क्याने आणखी एक अंडं फट्‌ करून फुटलं आणि माझ्या हातावर, साडीवर उडालं. तोच वास. तोच गोडसर, घशात बसणारा वास, पण आता त्याच्या उगमापाशी. मी खळ्यात धावले आणि तुळशीच्या कट्ट्याला धरून इतकी ओकले की शेवटी नुसतं कडू पाणी येत होतं.

परत आले तेव्हा हे खाटेवरून वाकून, पोटाच्या टाक्यांवर हात दाबून, त्या घाणीकडे बघत होते. मग त्यांनी हळूहळू स्वतःचा दंड नाकाशी नेला. हुंगला. सदऱ्याची कॉलर ओढून हुंगली. तळहात हुंगला.

"म्हणजे तो वास माजो न्हय?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली.

"माका वाटला मी कुसतंय," हे म्हणाले. "कुसणाऱ्या माणसान खावन काय करूचा? कोंबयेच्या तरी अंगाक लागतला म्हणान तिका घालीत होतंय."

मी जाळं गुंडाळून मागे नेलं आणि सुक्या झावळ्या टाकून जाळून टाकलं. नणंदेला विचारलं नाही. धूर असा निघाला की काकी कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "काखेत कळसो आणि गावाक वळसो, नाय गो?" मग स्वतःच नाक दाबून घरात पळाल्या. मी पडवी घासली. एकदा फिनेलने, एकदा सोड्याने, मग गोमूत्राने, मग परत फिनेलने. यांना खळ्यात खुर्चीवर बसवून डोक्यापासून पायापर्यंत कडुनिंबाच्या पाण्याने आंघोळ घातली. पाठीवरचं पुरळ म्हणजे पिसवांचे चावे होते, आता ते मला दिसले. इतके दिवस मान वळवून पुसत होते, दिसणार कुठून?

मी ओल्या अंगाने यांना घासत असतानाच ती बया खळ्याच्या मधोमध, भर उन्हात, काही आडोसा न शोधता बसली आणि अंडं घालून मोकळी झाली. वर ओरडली इतकी, की जसं काही माझ्यावर उपकार केले.

अंडं उचललं. त्यावर रक्ताची एक बारीक रेघ होती आणि एक पीस चिकटलं होतं. साबण लावून तीन पाण्यांत धुतलं, उकडलं, सोललं, दोन फाका केल्या, मिरपूड घातली. ताटली घेऊन मी यांच्या समोर खळ्यात बसले. हे खाऊ लागले. सावकाश, एकेक घास तोंडात घोळवत. पिवळा बलक ओठाच्या कोपऱ्याला लागला. मला तेही बघवत नव्हतं, पण मी बघत राहिले.

अर्धं संपल्यावर मला राहवलं नाही. "माका पण तसाच वाटला होता," मी म्हणाले. "वास तुमचो म्हणान. म्हणान मी भुतूर निजाक लागलंय. सर्दी-बिर्दी काय नव्हती."

हे माझ्याकडे न बघता उरलेली फाक बोटांनी फिरवत होते.

"ठावक आसा माका," ते म्हणाले. "मीठ देतंस काय वायच?"